वेग एकशे अठरा

नोटीस कन्नडमध्ये होती, म्हणून तो माझ्याकडं आला.
कोर्टाच्या कंपाउंडला टेकून माझं टेबल,
एका पायाखाली वीट,
दोन्ही भाषांतले अर्ज, पानाला चाळीस रुपये.

लुमाण्णा सायनेकर, राहणार खानापूर,
तीनचाकी टेम्पो, कुंभारांचा माल घेऊन बेळगावला.
ठिकाण देसूरच्या अलीकडं, सकाळी सात वाजून बारा मिनिटं.
वेग एकशे अठरा.

तो आधी हसलाच.
"बाई, उतारालाबी चाळीसच्या म्होरं जाईत न्हाई ही.
मी काय इमान चालवूलालतो?
आणि मागं चौसष्ट माठ होते की वो.
एक तरी फुटला असता."

मी फोटो उजेडाकडं धरला.
टेम्पो. पेंढ्यातून वर आलेले माठांचे गळे,
शाळेच्या गाडीतल्या पोरांसारखे दाटून.
आणि उजव्या कडेला बोटभर तांबडी पट्टी,
पुसट, ताणलेली,
ओव्हरटेक करून गेलेल्या कुठल्याशा बसची.
कुठल्या राज्याची, तेवढ्यावरून कळत नव्हतं.

मला ती दिसली होती.
तरी म्हटलं, भांडायचं तर तीन तारखा, वकील,
बुडालेले दिवस. हजार भरा आणि मोकळे व्हा.
गेल्या महिन्यात अशी अकरा माणसं
याच बाकावरून मोकळी झाली होती.

वर मथळा लिहिला: तप्पोप्पिगे.
तप्पु म्हणजे चूक. तप्पु म्हणजे गुन्हासुद्धा.
दोन्हींना एकच शब्द पुरतो तिकडं;
आपल्यात निदान मध्ये श्वास घ्यायला जागा आहे,
खरं त्या दिवशी मीही तो घेतला नाही.
खाली त्यानं सही केली, मराठीत,
प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ ओढून.
चाळीस रुपये मी मोजून घेतले.

मग एकशे एकवीस.
मग पावसात, घाटातून दरड हटवायचं काम चालू असताना
एकशे नऊ.
मग लायसन तीन महिने जप्त,
आणि खानापुरात भाजलेला माल
भट्टीजवळ तसाच उभा.

या खेपेला तो काही भरणार नव्हता.
कोर्टात आला तो बगलेत माठ घेऊन,
आणि शनिवार पेठेतल्या दुकानदाराची पावती:
माल पोचला. नग चौसष्ट. फूट नाही.

साहेबांनी पावती वाचली, बाजूला ठेवली.
फाइल उलटली. एक पान वर काढलं.
"पहिल्या वेळी कबूल केलं होतंत ना?
ही सही तुमचीच?"

मी दाराशी उभी होते.
पान माझं होतं.
माझं वळण, माझा समास, माझं तप्पोप्पिगे.
तो मान वळवून माझ्याकडं बघेल असं वाटलं.
त्यानं माठाच्या काठावर अंगठा फिरवला
आणि म्हणाला, "व्हय, माझीच."

दिवाळीनंतर खांबावरचा कॅमेरा काढून नेला.
म्हणे कोन चुकला होता,
शेजारच्या गाडीचा वेग ह्या गाडीच्या नावावर पडत होता.
ज्यांनी वाद घातला, त्यांचे पैसे परत.
ज्यांनी कबूल केलं, त्यांचा वादच नव्हता.

माठ माझ्या टेबलाखाली आहे, विटेच्या शेजारी.
त्या दिवशी जाताना तो ठेवून गेला:
"पुरावा म्हणून कोण घेईना. पाणी तरी ऱ्हाईल."
राहतं. गारही होतं.
ओतताना गळ्यापाशी जो आवाज येतो
त्याची अजून मला सवय झालेली नाही.

काल हिंडलग्याचा एक पोरगा आला, पाव पोचवणारा,
सायकलीला मोटर बसवल्यागत गाडी,
कागदावर एकशे चौदा.
"भरून टाकू काय, बाई? लिहून द्या लौकर."

बस म्हटलं. पाणी पी.
आणि चष्मा पुसून
फोटोची उजवी कड बघायला लागले.